आम्ही फवारलंच नाही, मग काकडीत आलं कुठून?

पत्र:

नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून शेती बघतो. यंदा पहिल्यांदाच एका मोठ्या खरेदीदाराला काकडी द्यायची ठरली, त्याने लॅबचा रिपोर्ट मागितला म्हणून सॅम्पल दिलं. रिपोर्टमध्ये डायल्ड्रिन ०.०३१ मिलिग्रॅम प्रति किलो आलं, खरेदीदाराची मर्यादा ०.०२, त्याने माल घेतला नाही. इमिडाक्लोप्रिड आणि अझॉक्सिस्ट्रोबिन पण सापडलंय पण ते मर्यादेच्या आत आहे आणि ते आम्हीच वापरलेलं आहे. डायल्ड्रिन हे नाव मात्र मी जन्मात ऐकलं नव्हतं. नेटवर बघितलं तर जगभर बंदी! मला वाटलं भावानेच कुठून तरी स्वस्तातलं काहीतरी आणून मारलं असणार आणि मी तसं त्याच्या तोंडावर बोलले. तो म्हणतो लॅब खोटी आहे. आठ दिवस झाले आमचं बोलणं बंद आहे. शेजारी म्हणतात खायचा सोडा टाकून धुवा, सगळं निघून जातं. एकाने तपासायची कागदी पट्टी दिली, ती तर काहीच दाखवत नाही. माझी दोन मुलं, मोठं नऊ वर्षांचं आणि धाकटं सहा वर्षांचं, हीच काकडी रोज खातात. कोंबड्याही त्याच शेतात फिरतात. खरं कोण बोलतंय आणि मी काय करू?
— थोरली

उत्तर:

ताई, आधी भावाचं बोलूया, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त दुखतंय ते तिथेच. माझ्या अंदाजाने तुमचा भाऊ खोटं बोलत नाहीये आणि लॅबही खोटी नाहीये. दोघंही खरे असू शकतात, आणि हेच या प्रकरणातलं गंमतीशीर म्हणा की त्रासदायक म्हणा, जे काही आहे ते.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की रिपोर्टमध्ये औषध सापडलं म्हणजे कुणीतरी ते फवारलंय, आणि तेही याच हंगामात. बहुतेक औषधांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. पण डायल्ड्रिन त्यातलं नाही. हे कुणी काल मारलेलं नसून कदाचित तुमच्या आजोबांच्या काळात मारलेलं असू शकतं, आणि तेव्हा ते कायदेशीर होतं, उलट चांगला शेतकरी म्हणून लोक कौतुक करायचे. आल्ड्रिन आणि डायल्ड्रिन ही जोडी १९४० च्या दशकाच्या शेवटी आली, वाळवी, हुमणी, जमिनीतल्या अळ्या यांच्यासाठी मातीत टाकायची औषधं म्हणून ती जगभर टनांनी वापरली गेली. (नावं कुठून आली माहितीये? डील्स आणि आल्डर या दोन रसायनशास्त्रज्ञांवरून. ज्या रासायनिक अभिक्रियेने ही औषधं बनतात ती त्यांनी शोधली, आणि त्या अभिक्रियेसाठी त्यांना १९५० चं नोबेल मिळालं. स्वतःच्या नावाने पुढे काय काय विकलं जाणार हे त्या बिचाऱ्यांनी काही ठरवलं नव्हतं.) मातीत टाकलेलं आल्ड्रिन हळूहळू डायल्ड्रिनमध्ये बदलतं आणि डायल्ड्रिन मग बसून राहतं. थंड हवेच्या प्रदेशात ते मातीत निम्मं व्हायला साधारण पाच वर्षं लागतात, उष्ण प्रदेशात वाफ होऊन लवकर उडतं, पण मातीच्या कणांना एकदा घट्ट चिकटलेला जो भाग असतो तो हा हिशोब पाळत नाही, तो दशकानुदशकं तसाच पडून असतो. २००१ मध्ये अशा टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करार झाला त्यात पहिल्या बारा रसायनांच्या यादीत ही दोन्ही होती, त्याच्या कितीतरी आधी बऱ्याच देशांनी ती बंद केली होती. पण कागदावर बंदी आली म्हणून मातीतून थोडंच जातं.

आता दुसरा भाग, जो मला स्वतःला कायम अचंबित करतो. तुम्ही त्याच शेतात टोमॅटो लावला असता आणि त्याच लॅबला पाठवला असता तर बहुतेक करून रिपोर्ट स्वच्छ आला असता. काकडी, भोपळा, झुकिनी या वेलवर्गीय कुळाला एक वेगळीच सवय आहे, इतर पिकांची मुळं जे तेलकट, पाण्यात न विरघळणारं रसायन मातीतच सोडून देतात ते यांची मुळं उचलतात आणि खोडातून वर फळापर्यंत नेतात. त्यांच्या खोडातल्या रसात काही प्रोटीनं असतात, ती अशा रसायनाला धरतात आणि वर वाहून नेतात. जपानमध्ये नेमकं हेच झालं होतं, डायल्ड्रिनचा शेतीतला वापर १९७० च्या दशकात थांबला आणि २००० नंतरही काकडीत ते मर्यादेच्या वर सापडत होतं. तिथेही शेतकरी म्हणत होते की आम्ही काही मारलं नाही, आणि ते खरंच बोलत होते. नंतर तिथल्या संशोधकांनी मातीवर, काकडीच्या कलमावर, खुंटावर बरंच काम केलं, त्याकडे मी पुढे येते.

म्हणजे तुम्ही नेमकं तेच पीक लावलंत जे मातीतलं जुनं पाप बाहेर काढतं. भावाचा दोष असलाच तर एवढाच की काकडी लावू म्हणाला!

पण माझ्या अंदाजावर जाऊ नका, हे तपासता येतं. रिपोर्टच्या पहिल्या पानावर बहुतेक "आल्ड्रिन आणि डायल्ड्रिनची बेरीज" असा एकच आकडा असतो कारण मर्यादाच बेरजेवर असते. आतल्या पानांवर दोघांचे वेगळे आकडे असतात, नसतील तर लॅबला फोन करून मागा, मशीनवर ते वेगवेगळेच दिसतात त्यामुळे त्यांच्याकडे असणारच. आल्ड्रिन "आढळलं नाही" आणि सगळं डायल्ड्रिनच असेल तर ते बहुधा जुनं आहे, कारण ताजं आल्ड्रिन टाकलं असतं तर थोडं तरी न बदललेलं शिल्लक दिसलं असतं. आणि आल्ड्रिनच भरपूर दिसलं तर मात्र गोष्ट वेगळी, मग कुणीतरी हल्ली काहीतरी वापरलंय किंवा दुसऱ्याच नावाच्या बाटलीत भेसळ आलीये. कुणी सरळ डायल्ड्रिनच मारलं असेल तर ते मात्र या आकड्यांवरून कळणार नाही, त्यासाठी माती बघावी लागेल. पण भावावर आरोप करण्याआधी निदान हा आकडा बघायचा होता ना ताई. असो, मी तुमच्या जागी असते तर मीही आधी भांडलेच असते.

आता लॅबकडे वळते. मी स्वतः बारा वर्षं अवशेष तपासणीच्या लॅबमध्ये काढलीत, त्यामुळे "लॅब खोटी" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येत नाही. लॅब खोटी असण्यापेक्षा सॅम्पल चुकीचं असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. एकदा आमच्याकडे एक सॅम्पल आलं, त्यात चार कीटकनाशकं, चारही मर्यादेच्या पार वर, शेतकरी रडकुंडीला आला होता, शेवटी कळलं की त्याने भाजी औषधाच्या रिकाम्या खोक्यातून पाठवली होती, "स्वच्छ पुसून घेतलं होतं हो" म्हणे. म्हणून पहिला प्रश्न, तुमचं सॅम्पल कशातून गेलं? दुसरा, कुणी तोडलं आणि कुठून तोडलं? कोडेक्स म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, तिचा जो नियम आहे त्यानुसार मध्यम आकाराच्या फळभाजीचं निदान एक किलो आणि त्यात निदान दहा नग, आणि एकेक नग २५० ग्रॅमच्या वरचा असेल तर दोन किलो आणि निदान पाच नग, आणि ते शेतात सगळीकडून, एका वाफ्यातून नाही. बहुतेक लोक काय करतात, दाराजवळच्या सरीतून पटापट पिशवी भरतात. आणि दाराजवळ काय असतं? जुनी शेड, जिथे एके काळी औषधाचे डबे ठेवायचे, जिथे पंप भरायचे, जिथे उरलेलं ओतून द्यायचे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की पूर्वी औषधं कुठे ठेवायचे, पंप कुठे धुवायचे. मला वाटतं अर्धं उत्तर तुम्हाला तिथेच मिळेल.

मशीनबद्दल थोडं सांगते कारण भावाला सांगायला उपयोगी पडेल. काकडी बारीक दळतात, तिच्यातली साधारण दहा ग्रॅम लगदी घेऊन त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट आणि दोन क्षार टाकून जोरात हलवतात, औषधं सॉल्व्हंटमध्ये येतात, पाणी वेगळं होतं, मग ते गाळून गॅस क्रोमॅटोग्राफीच्या मशीनला देतात आणि त्याच्या पुढे मास स्पेक्ट्रोमीटर असतो तो प्रत्येक रसायनाला त्याच्या तुकड्यांच्या वजनावरून ओळखतो. क्वेचर्स म्हणतात या पद्धतीला, २००३ मध्ये आली आणि तिने आमचं आयुष्यच बदललं, त्याआधी एका सॅम्पलला दिवस जायचा आणि लिटरभर सॉल्व्हंट वाया जायचं. एकाच वेळी शेकडो औषधं दिसतात. ०.०३१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे साधारण ३२ टन काकडीत एक ग्रॅम! इतकं बारीक मोजताना थोडं इकडेतिकडे होणारच, आणि हे सगळ्यांना मान्य आहे. युरोपियन युनियनमध्ये सरकारी तपासणीत आकड्यातून ५० टक्के अनिश्चितता वजा करतात आणि तरीही उरलेला आकडा मर्यादेच्या वर असेल तरच माल नियमबाह्य धरतात. तुमचं ०.०३१ चं अर्धं म्हणजे ०.०१५५, मर्यादा ०.०२, म्हणजे त्या हिशोबाने तुमचा माल बेकायदा ठरला नसता. पण खरेदीदार हा काही सरकार नाही, त्याला स्वतःची मर्यादा ठेवायचा आणि छापील आकड्यावर माल नाकारायचा हक्क आहे, आणि मोठे खरेदीदार सगळे असंच करतात. त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका.

पुन्हा तपासायचं असेल तर लॅबकडे तुमच्या सॅम्पलचा राखून ठेवलेला भाग फ्रीजरमध्ये असतो, काही काळच ठेवतात म्हणून आजच फोन करा. डायल्ड्रिन फ्रीजरमध्ये कुठे जात नाही. तो भाग दुसऱ्या, आयएसओ १७०२५ (तपासणी लॅबसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता असलेल्या लॅबला पाठवायला सांगा, आणि मान्यता लॅबला आहे एवढंच बघू नका तर या तपासणीसाठी आहे का ते बघा. पण खरं सांगू का, तुमच्या पैशात मी काकडी पुन्हा तपासण्यापेक्षा माती तपासेन. काकडीचा आकडा थोडा वर-खाली येईल, त्याने तुमचं काही ठरणार नाही. मातीचे तीन-चार वेगवेगळे नमुने घ्या, जुन्या शेडजवळचा वेगळा, शेताच्या मधला वेगळा, उताराच्या खालचा वेगळा, एकत्र करू नका. सगळं शेत सारखं खराब आहे की एखादाच कोपरा, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. लॅबला आधीच सांगा की ऑर्गॅनोक्लोरिन (डायल्ड्रिन ज्या गटातलं आहे तो) तपासून हवंय, नाहीतर ते नत्र-स्फुरद-पालाश तपासून रिपोर्ट देतील आणि तुम्ही खूश व्हाल.

सोडा आणि पट्टी. दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत पण तुमच्या प्रश्नाला दोन्ही लागू नाहीत. सोड्याच्या पाण्याचा जो प्रयोग लोक सांगतात तो २०१७ चा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला आहे, सफरचंदावर दोन औषधं लावून बघितलं, बारा ते पंधरा मिनिटं ठेवल्यावर एक सुमारे ८० टक्के आणि दुसरं ९६ टक्के गेलं. पण ते सालीवरचं. जेवढं सालीच्या आत गेलं होतं तेवढं नाही निघालं. तुमच्या काकडीत औषध वरून पडलेलंच नाही, ते मुळातून आत आलंय, त्याला सोड्यात रात्रभर बुडवा नाहीतर लोणचं घाला, काही फरक नाही. पट्टीचं म्हणाल तर ती एका एन्झाइमवर चालते, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांची औषधं त्या एन्झाइमला अडवतात म्हणून रंग बदलत नाही आणि ते आपल्याला कळतं. डायल्ड्रिन त्या एन्झाइमच्या वाटेलाच जात नाही. पट्टी "ठीक आहे" म्हणाली म्हणजे फक्त त्या दोन गटांपैकी काही फार जास्त प्रमाणात नाही, एवढंच. इतरांचं तिला काही माहीतच नाही. ती शेजाऱ्यांना आभार मानून परत द्या.

मुलांचं आता. इथे मी तुम्हाला "काही होत नाही" असं म्हणणार नाही आणि घाबरवणारही नाही, हिशोबच मांडते. एफएओ आणि डब्ल्यूएचओ यांची कीटकनाशक अवशेषांची जी संयुक्त समिती आहे तिने आल्ड्रिन-डायल्ड्रिनसाठी रोज आयुष्यभर चालेल असं प्रमाण ठरवलंय, शरीराच्या दर किलोमागे ०.०००१ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला म्हणजे दिवसाला दोन मायक्रोग्रॅम. तुमच्या काकडीच्या एका किलोत ३१ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६५ ग्रॅम काकडी खाल्ली की दिवसाचा वाटा संपला. एका मध्यम काकडीपेक्षाही कमी. आणि डायल्ड्रिन चरबीत साठतं, बाहेर हळूहळू जातं. हे आयुष्यभराचं प्रमाण आहे आणि त्यात भरपूर राखीव अंतर ठेवलेलं असतं त्यामुळे मागच्या महिन्यात खाल्लं म्हणून मुलांना काही झालं असेल असं अजिबात नाही, डॉक्टरकडे पळायची गरज नाही, रक्त तपासायचीही नाही. पण रोज, वर्षानुवर्षं, तेच? नको. त्या शेतातली काकडी मुलांना देणं आजपासून बंद. तुम्हीही बंद करा.

मजा अशी की कोडेक्सची वेलवर्गीय फळभाज्यांसाठीची या रसायनाची मर्यादा ०.१ आहे, म्हणजे तुमची काकडी त्या मर्यादेत आरामात बसते! मग मी मुलांना नको का म्हणतेय? कारण ती मर्यादा मुळात "कुणी फवारलं नाही पण मातीतून येतंच" अशा अवशेषांसाठी व्यापार थांबू नये म्हणून ठरवलेली आहे, जगात प्रत्यक्ष काय सापडतं ते बघून. साधी एमआरएल, म्हणजे अवशेषांची कायदेशीर कमाल मर्यादा, ती सुद्धा औषध लेबलप्रमाणे वापरलं तर जास्तीत जास्त किती उरेल यावरून ठरते, आणि मग ते खाणाऱ्याला चालेल का हे वेगळं तपासतात. बाजारातून कधीतरी काकडी घेणाऱ्याला एखादा असा नग आला तर काही बिघडत नाही. तुमच्या घरात मात्र रोज एकाच शेतातली येतेय. तुमचं गणित खरेदीदाराच्या गणितापेक्षा कडक असायला हवं, उलट नाही.

आणि कोंबड्या! ताई, तुम्ही पत्रात कोंबड्यांचं सहज शेवटी लिहिलंय आणि मी तिथेच थबकले. कोंबडी दाणा टिपताना माती खाते, गांडूळ खाते, आणि असली चरबीत मुरणारी रसायनं तिच्या अंड्यात, पिवळ्या भागात जाऊन बसतात. मला विचाराल तर तुमच्या घरात सगळ्यात आधी तपासायची गोष्ट काकडी नाही, अंडी आहेत. मातीचा रिपोर्ट येईपर्यंत कोंबड्या दुसरीकडे बांधा, विशेषतः त्या जुन्या शेडच्या आसपास फिरू देऊ नका, आणि अंडी तपासायला द्या, तोवर त्यांची अंडी खाऊ नका. जनावरं तिथे चरत असतील तर दुधाचंही तेच.

"मग आमची जमीन मेली का" असं तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असणारच. नाही मेली. हे रसायन जिथे आहे तिथे बसून राहणारं आहे, पाण्यातून विहिरीत फारसं उतरत नाही, ते मातीच्या कणाबरोबर जातं. म्हणजे धोका आहे तो माती वाहून जाण्याचा, उताराने ओढ्यात, तळ्यात, तिथून किड्यात, माशात, मासे खाणाऱ्या पक्ष्यात, आणि दर पायरीला प्रमाण वाढत जातं. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या शेवटी पेरणीच्या बियाण्याला डायल्ड्रिन लावायचे, ते दाणे टिपून कबुतरं मेली, ती कबुतरं खाऊन ससाणे मेले, कोल्हेही मेले, तेव्हा कुठे १९६२ पासून वसंतातल्या पेरणीसाठी ते थांबवलं. तुमच्या शेतातलं प्रमाण तसलं नाही, घाबरू नका, पण बांध नीट ठेवा, उताराला गवताची पट्टी राहू द्या, जमीन उघडी ठेवू नका. आणि त्या कोपऱ्यातली माती उपसून दुसरीकडे टाकू नका की कुणाला भराव म्हणून देऊ नका, ते म्हणजे आपला त्रास दुसऱ्याच्या अंगणात. जुन्या शेडमध्ये अजूनही एखादा गंजका डबा पडलेला असेल तर हात लावू नका, जाळू तर मुळीच नका, कृषी खात्याला किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

पीक बदला, हे सगळ्यात स्वस्त औषध. काकडी, भोपळा, झुकिनी हे सगळं कुळ त्या तुकड्यात नको. टोमॅटो, वांगी, शेंगावर्गीय, मका ही पिकं हे फारच कमी उचलतात. गाजर, बटाटा असली जमिनीत वाढणारी पिकं मात्र टाळा, त्यांच्या सालीत मातीतलं येतं. आणि काकडीच करायची असेल, तर जपानमध्ये दोन मार्ग काढलेत त्यातला एक म्हणजे कलम, मुळातून कमी उचलणाऱ्या भोपळ्याच्या खुंटावर काकडी बांधायची, खुंट बदलला की फळातलं प्रमाण बरंच खाली येतं. दुसरा म्हणजे मातीत सक्रिय कोळसा मिसळणं, कोळसा रसायनाला धरून ठेवतो आणि मुळाला मिळू देत नाही, यावर स्वित्झर्लंडमध्येही काकडीवरच प्रयोग झालेत. कोळशाची एक खोड आहे, तो तुम्ही नंतर टाकलेलं तणनाशकही धरून ठेवतो मग ते लागू पडत नाही. छोट्या कोपऱ्यासाठी करून बघायला हरकत नाही, सगळ्या शेतात टाकायचं म्हणाल तर खर्चाला अंत नाही.

आता ते "मर्यादेच्या आत" असलेलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक. त्याबद्दल तुम्ही निश्चिंत आहात आणि मी नाहीये. खाणाऱ्यासाठी ते ठीकच आहे, त्यात वाद नाही. पण रिपोर्ट फळाचा आहे. शेतात त्याचं काय झालं हे रिपोर्टला माहीत नाही. हे औषध झाडाच्या अंगात भिनतं, ड्रिपमधून दिलं तर फुलातल्या मधात आणि परागात पण येतं, आणि एका मधमाशीला मारायला काही नॅनोग्रॅम पुरतात. काकडीच्या बऱ्याच जातींना तर फळ धरायला मधमाशीच लागते! फळं वाकडी, एका टोकाला बारीक येताहेत का यंदा? त्याची कारणं बरीच असतात, पाणी कमी पडणं वगैरे, पण परागीभवन नीट न होणं हे मोठं कारण आहे. युरोपियन युनियनने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर मधमाश्यांसाठीच बंद केला, फळातल्या अवशेषासाठी नाही. निदान फुलोऱ्यात देऊ नका, आणि सकाळी मधमाश्या असताना तर दुसरंही काही फवारू नका. अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक, मधमाशीला त्यामानाने सौम्य आहे पण मासे आणि पाण्यातल्या बारीक जिवांना ते फार लागतं, पंप ओढ्यावर धुवू नका एवढंच.

आता एक वही घाला. तारीख, कुठला तुकडा, कुठलं औषध, लेबलवरचा बॅच नंबर, किती टाकलं, काढणी किती दिवसांनी. भावालाच लिहू द्या. पुढच्या वेळी असा काही आकडा आला तर तुम्हाला एकमेकांकडे बघावं लागणार नाही, वहीकडे बघता येईल.

भावाकडे आजच जा, आणि आल्ड्रिनचा वेगळा आकडा यायची वाट बघू नका, तो काहीही आला तरी तुम्ही न विचारता आरोप केलात हे तर खरंच आहे ना. जाताना त्याला हेही सांगा की जुनी शेड कुठे होती ते आठवून ठेव, मातीचे नमुने तुम्ही दोघांनी मिळून घ्यायचेत. आणि मला पुढच्या वेळी रिपोर्टचं दुसरं-तिसरं पान पाठवा, तुम्ही पाठवलेल्या फोटोत फक्त पहिलं पान आहे, त्यावर बेरजेचा एक आकडा, सही आणि एक भला मोठा शिक्का, बाकी सगळं आत आहे.